फिशिंग रीलची सफाई आणि ऑइलिंग: घरच्या टेबलावरून सुरू होणारा सेवा-व्यवसाय



व्हिडिओत आपण रील उघडताना, धुताना आणि परत जोडताना पाहिली. व्हिडिओ पटापट पुढे जातो, हात मात्र पटापट चालत नाहीत. म्हणून हा लेखी पाठ. मोबाईलवर उघडा, टेबलावर समोर ठेवा आणि एकेक पायरी करत चला.

कोकणात गळ टाकून मासे धरणं नवीन नाही. गरवायला जाणं हा शब्दच आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. नवीन आहे ते रॉड आणि रील घेऊन हौसेने येणारं गिऱ्हाईक. शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, पुण्याहून गाड्या निघतात. कुणी खाडीत जिताड्याच्या मागे, कुणी खडकावर तांबोशी आणि गोब्ऱ्याच्या मागे. प्रत्येकाच्या हातात दोन-तीन हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतची रील असते. ती रील वर्षभर खारं पाणी पिते, वाळू खाते आणि एक दिवस खरखरायला लागते. मग मालक विचारतो, "ही कुठे दुरुस्त होईल?" बऱ्याच गावांत या प्रश्नाला उत्तर नाही. जिथे उत्तर नाही, तिथे व्यवसायाला जागा आहे.

आजच्या पाठाचं सार एका वाक्यात लिहून ठेवा: गिऱ्हाईक तेलाचे पैसे देत नाही, तेल कुठे घालायचं नाही, हे तुम्हाला कळतं, त्याचे पैसे देतं.

१. आधी शत्रू ओळखा

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे चहाच्या चमच्याने मोजलं तर सुमारे सहा सपाट चमचे. रीलवर उडालेलं पाणी वाळतं, क्षार तिथेच राहतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे कपाटात ठेवलेली रीलसुद्धा आतून ओलसर राहते आणि गंजत जाते. मालक म्हणतो, "सहा महिने वापरलीच नाही, तरी खराब झाली!" ती खराब झाली कारण ती न धुता ठेवली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे रीलमध्ये एकच धातू नसतो. बॉडी ॲल्युमिनियमची किंवा ग्रॅफाइट मिसळलेल्या प्लॅस्टिकची, शाफ्ट स्टीलचा, पिनियन बहुतेक वेळा पितळेचा, मेन गिअर जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारं पाणी असेल, तर तिथे बारीकशी बॅटरीच तयार होते. त्यात कमकुवत धातू झिजत जातो. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू घट्ट बसून राहतो, तो यामुळेच.

रील उघडल्यावर रंगावरून निदान करा:

- पांढरी भुकटी दिसली, तर ॲल्युमिनियम किंवा जस्त खाल्लं जातंय.
- हिरवट थर दिसला, तर पितळ.
- तांबूस डाग दिसला, तर स्टील. बहुतेक वेळा हे बेअरिंग किंवा स्प्रिंग असतं.
- काळं, चिकट ग्रीस दिसलं, तर त्यात धातूचा चुरा मिसळला आहे. गिअरचे दात नीट तपासा.

२. रील म्हणजे घड्याळाची भावंड

अबू गार्सिया हे नाव रीलच्या दुनियेत मोठं आहे. ही स्वीडनची कंपनी १९२१ साली सुरू झाली ती खिशातली घड्याळं बनवण्यासाठी. पुढे तिने टॅक्सीचे मीटर बनवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मीटरची मागणी बसली, तेव्हा तीच यंत्रं आणि तेच कारागीर रीलकडे वळले.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की रील दुरुस्तीला गॅरेजवाल्याचा जोर चालत नाही, घड्याळजीची शिस्त लागते. एक मिलिमीटरपेक्षा पातळ वॉशर उलटा बसला किंवा विसरला, तरी हँडल जड फिरतं किंवा डुगडुगतं.

तुमच्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार येतील. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते, तिच्यावर तारेची कमान असते, तिला बेल म्हणतात. बेटकास्टिंग रील रॉडच्या वर बसते आणि तिचा स्पूल स्वतः फिरतो. सुरुवात स्पिनिंगपासून करा. संख्येने त्याच जास्त येतील आणि उघडायलाही त्या सोप्या.

३. टेबलावर काय काय हवं

- चांगल्या दर्जाचे छोटे स्क्रू ड्रायव्हर. जपानी रीलचे फुलीचे स्क्रू आपल्या साध्या फुलीच्या ड्रायव्हरपेक्षा थोडे वेगळे असतात. त्यासाठी जेआयएस मापाचा ड्रायव्हर घ्या, नाहीतर फुली गोल होऊन जाते.
- छोटे पाने, चिमटा, व्हर्निअर कॅलिपर.
- जुना टूथब्रश, बारीक रंगाचा ब्रश, इअरबड, धागे न सुटणारं सुती कापड.
- भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट गोडं पाणी.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, बेअरिंग आणि ड्रॅग वॉशर पुसायला.
- रीलचं पातळ तेल, सुईच्या तोंडाच्या बाटलीत.
- रीलचं ग्रीस आणि वेगळं ड्रॅग ग्रीस.
- अंड्यांचा रिकामा ट्रे. ३० खण, फुकट, आणि यापेक्षा चांगला पार्ट्सचा ट्रे मिळत नाही.
- मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी. स्प्रिंग असलेला भाग पिशवीत हात घालून उघडा. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते.

आता काय वापरायचं नाही, ते पाहा.

पेट्रोल आणि थिनर नको. रबरी सील आणि ओ-रिंग फुगतात, प्लॅस्टिक आणि रंग खराब होतो, आणि घरात आगीचा धोका वेगळाच.

खोबरेल तेल नको. ते साधारण २४-२५ अंशांखाली गोठायला लागतं. थंडीच्या पहाटे गरवायला गेलेल्या माणसाची रील तिथेच जड होणार.

डब्ल्यूडी-४० वंगण म्हणून नको. नावातली "डब्ल्यूडी" ही अक्षरं पाणी हटवण्यासाठी आहेत. अडकलेला स्क्रू सोडवायला ते उत्तम. पण ते जुनं ग्रीस विरघळवतं आणि त्याचा बराचसा भाग उडून जातो. मागे टिकाऊ थर राहत नाही.

गाडीचं चाकाचं ग्रीस छोट्या रीलमध्ये नको. ग्रीसच्या घट्टपणाला क्रमांक असतात. गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस बहुतेक २ नंबरचं असतं. छोट्या रीलला ते जड पडतं. तिथे ० किंवा १ नंबरचं मऊ ग्रीस बरं.

४. रील हातात घेतल्यावर आधी ऐका

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी गिऱ्हाइकासमोरच पाच मिनिटं तपासणी करा. हा व्यवसायाचाही भाग आहे आणि कामाचाही.

- हँडल सावकाश फिरवा. सलग खरखर म्हणजे बेअरिंगमध्ये मीठ किंवा वाळू.
- प्रत्येक फेरीला एकाच जागी टक् होत असेल, तर गिअरचा दात दुखावलाय. हे नुसत्या सफाईने जाणार नाही, आधीच सांगा.
- हँडल उलटं फिरतंय? उलटं फिरू न देणारं रोलर क्लच घसरतंय. बऱ्याचदा त्यात कुणीतरी ग्रीस भरलेलं असतं.
- लाइन ओढताना चीं आवाज येतोय? बेलवरचा छोटा लाइन रोलर अडकलाय.
- ड्रॅग थोडा ढिला करून लाइन ओढा. ती झटके देत सुटत असेल, तर ड्रॅग वॉशर खराब किंवा तेलकट झालेत. मोठा मासा लागला की लाइन इथेच तुटते.

जे सापडेल ते कार्डावर लिहा, रीलचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. आधीचे ओरखडे आधीच नोंदवले गेले, की नंतर वाद होत नाही.

५. उघडण्याचा क्रम

कंपनी आणि मॉडेलचं नाव टाकून त्या रीलची सुट्या भागांची आकृती शोधा. बऱ्याच मोठ्या कंपन्या ती देतात. छापून टेबलावर ठेवा. मग हा क्रम:

1. स्पूल काढा. ड्रॅगचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा.
2. हँडल काढा.
3. रोटरचं नट सोडवा आणि रोटर काढा. काही मॉडेलमध्ये हे नट उलट्या आट्यांचं असतं. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आकृती पाहा.
4. बाजूची प्लेट उघडा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, हे कागदावर रीलचं चित्र काढून त्यातच टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बॉडी फुटते.
5. मेन गिअर, मेन शाफ्ट, स्पूल वर-खाली करणारा गिअर, पिनियन, बेअरिंग असे भाग क्रमाने काढा.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर ट्रेमध्ये. पहिला खण पहिल्या भागाचा, दुसरा दुसऱ्याचा. जोडताना शेवटच्या खणापासून उलटं यायचं. गिअरच्या मागे कागदासारखा पातळ वॉशर चिकटलेला असतो, त्याला शिम म्हणतात. जुन्या ग्रीसबरोबर तो पुसला जाऊन कचऱ्यात जातो. म्हणून पुसलेलं कापड काम संपेपर्यंत फेकायचं नाही.

६. सफाई

धातूचे गिअर, शाफ्ट, हँडल आणि रिकामी बॉडी कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून टूथब्रशने घासा. मग स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा. समुद्रकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर त्याने धुऊन उपयोग नाही. मीठ काढायला मीठ घालण्यासारखं ते.

बेअरिंग साबणात टाकू नका. उघडी बेअरिंग छोट्या काचेच्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून हलवा. पाणी गढूळ झालं की बदला. काढून कापडावर पूर्ण सुकवा. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग मात्र अशी धुऊ नका. बाहेरून पुसा, फिरवून पाहा, खरखरत असेल तर बदला.

दोन सूचना पाठ करा. सुक्या बेअरिंगवर हवेचा झोत मारून ती गरगर फिरवायची नाही, आतल्या गोळ्या आणि कडा खराब होतात. आणि धुतलेली बेअरिंग उघडी ठेवून जेवायला जायचं नाही. तेल निघालेलं स्टील आपल्या दमट हवेत लगेच गंज धरतं. सुकली की तेलाचा थेंब.

हे काम स्पिरिटचं आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको.

७. तेल कुठे, ग्रीस कुठे, काहीच नको ते कुठे

हा आजच्या पाठाचा गाभा. हा तक्ता लिहून भिंतीवर लावा.

ग्रीस लागतं:
- मेन गिअर आणि पिनियनचे दात. ब्रशने पातळ थर, दातांच्या खोबणीत पोचेल एवढाच. थापायचं नाही.
- स्पूल वर-खाली करणारी यंत्रणा.
- बॉडीच्या आतल्या बाजूला पुसटसा हात, म्हणजे आत आलेलं खारं पाणी धातूला थेट लागत नाही.
- स्क्रूचे आटे. टिकलीएवढं ग्रीस लावलं, की पुढच्या वर्षी स्क्रू निमूटपणे सुटतो.

तेल लागतं:
- उघड्या बेअरिंगला एक ते दोन थेंब.
- लाइन रोलरला एक थेंब. रीलमध्ये सर्वांत जास्त खारं पाणी याच्या वाट्याला येतं आणि सर्वांत कमी लक्षही यालाच मिळतं.
- बेलच्या सांध्याला आणि हँडलच्या मुठीला एकेक थेंब.
- मेन शाफ्टला पुसटसं.
- बेटकास्टिंगच्या स्पूल बेअरिंगला अगदी पातळ तेलाचा एकच थेंब. जास्त झालं की स्पूल जड फिरतो आणि गळ लांब जात नाही.

जपून, किंवा काहीच नाही:
- उलटं फिरू न देणारं रोलर क्लच. इथे ग्रीस कधीच नाही. पकड बसते ती रोलर घट्ट धरण्यावर. ग्रीसने ते घसरतात. तेलाचा पुसटसा हात पुरे.
- ड्रॅग वॉशर. साधं तेल किंवा गिअरचं ग्रीस इथे घालू नका. कार्बनचे वॉशर कंपनीच्या सूचनेनुसार कोरडे किंवा ड्रॅग ग्रीसच्या पातळ थराने बसवतात. लोकरीसारखे फेल्टचे वॉशर असतील, तर त्यांनाही कंपनी सांगेल तेच.
- डायवाच्या मॅगसील प्रकारच्या रील. त्यात चुंबकाने धरून ठेवलेलं खास तेल असतं. आपलं तेल किंवा सॉल्व्हंट तिथे गेलं, की ते सील गेलं. ही रील उघडायची नाही, कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवायला सांगायचं.

"जास्त वंगण म्हणजे जास्त आयुष्य" हा समज सोडा. जादा ग्रीस वाळू धरून ठेवतं आणि मग तेच ग्रीस पॉलिश पेपरसारखं गिअर घासत बसतं.

८. जोडणी आणि शेवटची चाचणी

ट्रेच्या शेवटच्या खणापासून उलटं या. स्क्रू आधी सगळे हाताने बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. झाल्यावर पाच गोष्टी तपासा: हँडल फिरतंय का, उलटं थांबतंय का, बेल दोन्हीकडे नीट पडते का, ड्रॅग झटक्याविना सुटतो का, आणि ट्रे रिकामा आहे का. एक जरी भाग उरला, तरी रील परत उघडायची. "चालतंय की" म्हणून डब्यात टाकायचा नाही. तो उरलेला वॉशर गिऱ्हाइकाला खडकावर सापडतो, मासा लागल्यावर.

९. आता हिशेब

मित्रांनो, हौस आणि व्यवसाय यात फरक घड्याळाचा आहे. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावाचे आकडे घालून हेच गणित करा.

समजा एका साध्या स्पिनिंग रीलच्या पूर्ण सर्व्हिसला तुम्ही ६०० रुपये घेता. तेल, ग्रीस, अल्कोहोल, कापड मिळून ६० रुपये जातात. महिन्याला ३० रील आल्या.

- जमा: १८,००० रुपये
- साहित्य: १,८०० रुपये
- वीज, फोन, पॅकिंग, जाणं-येणं: १,५०० रुपये
- शिल्लक: १४,७०० रुपये

एका रीलला दोन तास लागले तर ६० तास. म्हणजे तासाला २४५ रुपये. आता यातल्या तीन रील तक्रार म्हणून परत आल्या आणि फुकट उघडाव्या लागल्या, तर आणखी सहा तास. तासाचा दर २२३ वर आला. गिऱ्हाइकाचा विश्वास किती गेला, ते या गणितात धरलेलंच नाही. म्हणून शेवटची दहा मिनिटांची चाचणी हा खर्च समजू नका, ती बचत आहे.

दर ठरवताना तीन पायऱ्या ठेवा: वरवरची सफाई आणि ऑइलिंग, पूर्ण सर्व्हिस, आणि पूर्ण सर्व्हिस अधिक पार्ट बदल. पार्टचे पैसे आगाऊ घ्या. बेअरिंग मापाने ओळखा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. उदाहरणार्थ ३ × १० × ४ मिलिमीटर. नेहमी लागणाऱ्या मापांची थोडी बेअरिंग जवळ ठेवा. बाकी पार्ट्सचा साठा करून भांडवल अडकवू नका.

आणि एक नियम पाळा: दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या रीलच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. एक काम जाईल, पण माणूस दहा जणांना सांगेल, "तो खरं बोलतो."

१०. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं

काउंटरवर हा संवाद होणारच आहे. तयारी ठेवा.

"अहो, एवढं कशाला उघडताय? वरून थोडं तेल सोडा ना, शंभर रुपयांत."

"काका, वरून तेल सोडलं की आवाज आठवडाभर बंद होईल. पण आतलं मीठ तसंच राहील. हे बघा, स्क्रूपाशी पांढरी भुकटी दिसतेय ना? बॉडी खायला लागलीय. आज उघडली तर सफाईत भागेल. पावसाळ्यानंतर आणलीत तर बेअरिंगही बदलावी लागेल, कदाचित गिअरही."

"आणि उघडून बिघडली तर?"

"तुमच्यासमोर फोटो काढलेत. जुने पार्ट पिशवीत घालून परत देतो. शनिवारी संध्याकाळी रील तयार. आवाज परत आला तर महिन्याच्या आत या, मजुरी घेणार नाही."

यात तुम्ही तेल विकलं नाही. कारण दाखवलं, पुरावा दिला आणि तारीख दिली. जुने पार्ट परत देणं ही छोटी गोष्ट वाटते, पण विश्वास तिथूनच सुरू होतो.

काही कामं नाकारायला शिका. वॉरंटीतली रील आपण उघडली तर वॉरंटी जाऊ शकते, हे सांगून परत द्या. इलेक्ट्रिक रील शिकल्याशिवाय घेऊ नका.

११. हंगाम ओळखा

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. हौशी लोकांचंही या काळात खवळलेल्या समुद्रावर जाणं कमी होतं, आणि रील न धुताच कपाटात जातात. तुमचा हंगाम तोच. मे महिन्यात सांगायला लागा, "कपाटात ठेवण्याआधी सर्व्हिस करून घ्या." जून-जुलैमध्ये शांतपणे कामं करा आणि नारळी पौर्णिमेच्या आत रील हातात द्या.

एकेकट्या गिऱ्हाइकाबरोबर ठोक काम देणारेही शोधा: पर्यटकांना गरवायला नेणारे बोटवाले, रॉड भाड्याने देणारे होमस्टे, फिशिंगच्या सामानाची दुकानं. बोटवाल्याकडच्या आठ-दहा रील रोज समुद्रात जातात. त्याची रील बंद म्हणजे त्याचा दिवस बुडाला. त्याला महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तिथे जाऊन सर्व्हिस द्या. दुकानदाराला त्याच्या काउंटरवर रील स्वीकारण्याचं कमिशन द्या.

कागदपत्रांचंही थोडं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणालाही पैसे देऊ नका. नुसत्या सेवेच्या व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. सुरुवातीला मात्र एक वही, एक पावती पुस्तक आणि व्यवसायाचं वेगळं बँक खातं, एवढं नक्की ठेवा.

१२. रीलसोबत द्यायचं कार्ड

तयार रीलसोबत हे छापील कार्ड द्या. तुमचा फोन नंबर मागच्या बाजूला.

1. घरी आल्यावर आधी ड्रॅग घट्ट करा, म्हणजे पाणी आत जाणार नाही.
2. गोड्या पाण्याचा हलका शिडकावा करा. जोराचा फवारा नको, बादलीत बुडवणं नको. फवाऱ्याने मीठ उलट आत ढकललं जातं.
3. झटका, कापडाने पुसा, सावलीत वाळवा.
4. ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. दाबून ठेवलेले वॉशर चपटे होतात.
5. लाइन रोलर आणि मुठीला तेलाचा एकेक थेंब.
6. बंद डब्यात ओली रील ठेवू नका.
7. पुढच्या सर्व्हिसची तारीख: ________

कुणी म्हणेल, गिऱ्हाइकालाच सगळं शिकवलं तर ते परत कशाला येईल? येईल. रील नीट ठेवणारा माणूस दरवर्षी वेळेवर सर्व्हिसला येतो, आणि त्याच्या रीलला तुम्हाला दोन तासांच्या जागी एक तास लागतो. रील खराब करून फेकणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक राहतच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारातून किंवा ओळखीतून तीन जुन्या स्पिनिंग रील मिळवा. प्रत्येक रील दहा वेळा उघडा आणि जोडा. प्रत्येक वेळी लागलेली मिनिटं वहीत लिहा. पहिल्या आणि दहाव्या वेळेतला फरक पाहा. सलग तीन वेळा ट्रे रिकामा, चाचणीच्या पाचही गोष्टी बरोबर आणि वेळ दोन तासांच्या आत, असं जमलं की पहिलं गिऱ्हाईक घ्या. त्याआधी दुसऱ्याच्या रीलला हात लावू नका.

पुढच्या पाठात बेटकास्टिंग रीलचे ब्रेक आणि स्पूल बेअरिंग पाहू. तोवर अंड्यांचा ट्रे जपून ठेवा. भेटूया!